लघुमापी फिल्मवरील विज्ञानपटांचा संग्रह

चित्रपटगृहांतील ३५ मिमी. फिल्मपेक्षा अरुंद असलेल्या १६, ९.५ व ८ मिमी. फिल्मवर छापलेल्या जुन्या विज्ञानपटांच्या, म्हणजे विज्ञानकथांवरील चित्रपटांच्या, प्रती मिळवणे, त्यांची ओळख पटवणे, त्या जतन करणे आणि प्रोजेक्टरवर चालवून पाहणे, असा हा छंद आहे. व्हिडिओ कॅसेट घरोघर पोहोचण्यापूर्वी आवडता चित्रपट स्वतःजवळ बाळगायचा, तर अशा रिळांशिवाय फारसा पर्याय नव्हता.

फ्रान्समधील पाते कंपनीने १९२२ मध्ये ९.५ मिमी. फिल्म बाजारात आणली. तिची छिद्रे कडेला नसून दोन चौकटींच्या (फिल्मवरील एकेका चित्राच्या) मधोमध असत आणि फिल्मच्या काठावर पाडलेल्या खाचेमुळे शीर्षकाची एकच चौकट पडद्यावर काही सेकंद थांबून राही, त्यामुळे फिल्मची मोठी बचत होई. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिमी., १९३२ मध्ये ८ मिमी. आणि १९६५ मध्ये सुपर ८ ही मापे आणली. सुपर ८ ची रुंदीही ८ मिमी.च आहे, मात्र छिद्रे लहान केल्यामुळे तिच्या चित्रचौकटीचे क्षेत्रफळ सुमारे दीडपट झाले. ३५ मिमी. नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असल्याने घरगुती मापांसाठी सुरुवातीपासूनच सेल्युलोज ॲसिटेटचा सुरक्षित पाया (ज्यावर चित्राचा थर असतो ती पट्टी) वापरला गेला.

या संग्रहाचा सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे संक्षिप्त आवृत्त्या. ८ मिमी.च्या २०० फुटी रिळात १६,००० चौकटी मावतात, म्हणजे सेकंदाला १८ चौकटी या गतीने ते जेमतेम पंधरा मिनिटे चालते. सुपर ८ चे तेवढेच बोलके रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने दहा मिनिटांत संपते. ऐंशी मिनिटांचा चित्रपट एवढ्या जागेत बसवताना संकलकाला कथेचा बहुतेक भाग सोडावा लागे. शास्त्रज्ञांच्या चर्चा, लष्करी बैठका आणि प्रेमप्रसंग वगळले जात. यानाचे आगमन, राक्षसी प्राण्याचे पहिले दर्शन आणि अंतिम विध्वंस तेवढे उरत. मूकप्रतीत संवादांच्या जागी मोजक्या शब्दांचे मथळे येत. अमेरिकेतील युजीन कॅसल यांच्या कॅसल फिल्म्स या संस्थेने १९३७ पासून घरगुती रिळे विकली. १९४७ मध्ये ती युनिव्हर्सल स्टुडिओच्या उपकंपनीकडे गेल्यावर त्या स्टुडिओचे भयपट व विज्ञानपट तिच्या यादीत आले. ‘धिस आयलंड अर्थ’ (१९५५) हा चित्रपट तिने ‘वॉर ऑफ द प्लॅनेट्स’ या नव्याच नावाने काढला. ‘स्टार वॉर्स’चे केन फिल्म्स या वितरक संस्थेने काढलेले २०० फुटी सुपर ८ रीळ तर मूळ चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर येण्याच्या (१९८२) बऱ्याच आधी घराघरांत चालत होते. अशा रिळांना मूळ चित्रपटाचे तुकडे समजून बाजूला सारणे योग्य नाही. त्यांचे संकलन, मथळे आणि खोक्यावरील चित्र हे सारे स्वतंत्रपणे घडवलेले आहे, आणि मूळ चित्रपट आज उत्तम स्वरूपात सहज उपलब्ध असला तरी ही आवृत्ती त्यातून पुन्हा मिळत नाही.

१६ मिमी.चे जग वेगळे होते. शाळा, चित्रपट मंडळे आणि दूरचित्रवाणी केंद्रे यांच्यासाठी या मापात पूर्ण लांबीच्या प्रती काढल्या जात, पण त्या बहुधा भाड्याने दिलेल्या असत, विकलेल्या नसत. त्यामुळे खासगी संग्राहकाच्या हाती आलेल्या प्रतीच्या मालकीविषयी वाद उद्भवत. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मधील अभिनेते रॉडी मॅकडॉवल यांच्या घरावर डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने छापा घालून त्यांचा चित्रपटसंग्रह जप्त केला, त्यांच्यावर खटला मात्र भरला गेला नाही. या घटनेने संग्राहकांत मोठी धास्ती पसरली.

अशा प्रतींचे मोल ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन विज्ञानपटाने निर्विवादपणे दाखवून दिले. प्रथम प्रदर्शनानंतर त्यात मोठी काटछाट झाली होती आणि वगळलेला भाग नष्ट झाल्याचे मानले जाई. २००८ मध्ये ब्वेनोस आयरेस येथील चित्रपट संग्रहालयात त्याची जवळजवळ संपूर्ण १६ मिमी. प्रत आढळली. ती ज्या ३५ मिमी. प्रतीवरून उतरवली होती, तिच्यावरील ओरखडे लहान फिल्मवर कायमचे छापले गेले होते आणि चौकटीच्या कडाही कापल्या गेल्या होत्या. तरीही तिच्यामुळे सुमारे २५ मिनिटांचे चित्रण परत मिळाले आणि पुनर्रचित चित्रपट २०१० मध्ये बर्लिन येथे दाखवला गेला.

जुन्या रंगीत प्रतींत रंग उडणे ही नित्याची अडचण असते. ईस्टमनकलर फिल्ममधील निळसर रंगद्रव्य आधी नाहीसे होते आणि चित्र गुलाबी वा लालसर होत जाते, त्यामुळे अवकाशातील गडद निळाई पार हरवते. टेक्निकलरच्या रंग-स्थानांतरण पद्धतीने (साच्यावरून रंग फिल्मवर उतरवून) छापलेल्या १६ मिमी. प्रती मात्र दीर्घकाळ टिकतात आणि संग्राहक त्यांना विशेष पसंती देतात. कोडॅक फिल्मच्या काठावरील वर्तुळ, चौकोन, त्रिकोण या खुणांवरून कच्च्या (अजून चित्र न छापलेल्या) फिल्मच्या निर्मितीचे वर्ष कळते, पण याच खुणा ठरावीक काळाने पुन्हा वापरल्या गेल्यामुळे केवळ त्यांवरून प्रतीचा काळ निश्चित करता येत नाही. त्यासाठी फिल्मचा प्रकार, ध्वनिपट्टी आणि वितरकाचे बोधचिन्हही पाहावे लागते.

रंग उडण्यापेक्षा गंभीर विकार म्हणजे ‘व्हिनेगर सिंड्रोम’. उष्णता व दमटपणा यांमुळे ॲसिटेटचे विघटन होऊन ॲसिटिक आम्ल सुटते, डबा उघडताच आंबट वास येतो, फिल्म आकसते, वाकते आणि अखेरीस ठिसूळ होते. सुपर ८ च्या चुंबकीय ध्वनिपट्टीतील लोहाच्या ऑक्साइडमुळे ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. ती उलटवता येत नाही, थंड व कोरड्या जागी ठेवून मंदावता मात्र येते, आणि बाधित रीळ इतरांपासून वेगळे ठेवणे आवश्यक असते. पॉलिएस्टर फिल्मला हा विकार होत नाही. पण ती सहजासहजी तुटत नसल्याने कोठे अडकली तर प्रोजेक्टरच्या भागांनाच इजा होऊ शकते. आकसलेल्या फिल्मची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि फाटतात. म्हणून असे रीळ प्रोजेक्टरवर न चढवता दाते नसलेल्या स्कॅनरवर त्याची डिजिटल नक्कल करून घेतली जाते.