ऑर्केस्ट्रेशन आणि अरेंजमेंट: पियानोवरचा रॅगटाइम वाद्यवृंदासाठी लिहिताना

अरेंजमेंट कशाला म्हणतात, हे हिंदी चित्रपटसंगीत ऐकत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. संगीतकाराची चाल हाती आली की मधले म्युझिक पीस, हार्मनी, गायकाच्या मागे चालणारी व्हायोलिनची ओळ अरेंजर उभी करायचा. गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांनी हेच काम केलं. मुळात नसलेलं काहीतरी घालणं, हा अरेंजमेंटचा गाभा.

ऑर्केस्ट्रेशनमध्ये रचना आधीच पूर्ण असते. रॅगटाइम म्हणजे डाव्या हाताच्या ठाम मात्रेवर उजव्या हाताची चाल मुद्दाम मात्रेबाहेर सोडणारं अमेरिकन पियानोसंगीत. त्याचा संगीतकार स्कॉट जॉप्लिन याच्या ‘मेपल लीफ रॅग’मध्ये (१८९९) चाल, हार्मनी, बेस, लय सगळं दोन हातांत लिहिलेलं आहे. कुठली ओळ कोणत्या वाद्याला द्यायची, ते ठरवायचं असतं.

इथपर्यंत वाद नाही. घोळ होतो तो पुढच्या समजुतीमुळे: नोट जशीच्या तशी ठेवली तर ऑर्केस्ट्रेशन, बदलली की अरेंजमेंट. हे साफ चूक आहे, आणि रॅगटाइमची सगळ्यात जास्त वाट यानेच लागते. पियानोचा कागद हुबेहूब उतरवला की पियानोचं संगीत हरवतं. ते टिकवायला नोटा बदलाव्याच लागतात, आणि तो बदल ऑर्केस्ट्रेशनचाच भाग आहे.

जॉप्लिनचाच ‘द एंटरटेनर’ (१९०२) घ्या. पहिल्या भागात ई आणि वरचा सी हे स्वर आलटून पालटून येतात. तिसरा सी बारच्या (दोन मात्रांच्या खणाच्या) शेवटच्या सिक्स्टीन्थवर, म्हणजे पाव मात्रेच्या नोटेवर, सुटतो आणि टाय होऊन, पुन्हा न वाजवता तसाच लांबून, पुढच्या बारमध्ये जातो. पियानोवर हातोडी तारेवर आपटली की तो स्वर लगेच विरायला लागतो, त्यामुळे त्याच्याखालून डाव्या हाताची ठाम मात्रा ऐकू येते. सिंकोपेशनची (जोर मात्रेबाहेर टाकण्याची) सगळी गंमत या दोहोंच्या ओढाताणीत आहे. आता तीच नोट पहिल्या व्हायोलिनला आणि कॉर्नेटला (ट्रम्पेटसारखं वाद्य) पूर्ण लांबीची द्या. स्वर विरत नाही, सारख्या जोराने टिकतो, खालची मात्रा झाकली जाते आणि श्रोत्याला उडी न जाणवता नुसता उशिरा सुरू झालेला लांब स्वर ऐकू येतो. उपाय सोपा आहे: कॉर्नेटची नोट सुरुवातीला ॲक्सेंट (जोर) देऊन छोटी करा, पुढे रेस्ट (विराम) लिहा, व्हायोलिनला ॲक्सेंटनंतर लगेच डिमिन्युएंडो (आवाज उतरवत नेण्याची खूण) द्या. कागद बदलला, जॉप्लिनचं म्हणणं तसंच राहिलं.

डाव्या हाताचंही तेच. एकच हात बेसचा ऑक्टेव्ह (एका सप्तकाच्या अंतरावरच्या दोन नोटा) आणि ऑफबीटचा, म्हणजे मात्रांच्या मधला, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) यांमध्ये उड्या मारतो. वाद्यवृंदात ही दोन वेगळी कामं आहेत. समजा ऑक्टेव्ह ए-फ्लॅटचा आहे: बेस क्लेफच्या (खालच्या सुरांच्या पाच रेघांच्या) पहिल्या जागेतला आणि त्याच्या एक ऑक्टेव्ह खालचा. खालची नोट पियानोवरून तशीच डबल बेसला लिहिली, तर ती साध्या चार तारांच्या बेसवर वाजतच नाही. डबल बेस लिहिल्यापेक्षा एक ऑक्टेव्ह खाली वाजतो, म्हणून चेलो आणि बेस दोघांनाही वरचीच नोट द्या. ऑक्टेव्ह आपोआप मिळतो. ऑफबीटचे कॉर्ड दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला यांना, तुटक आणि हलके. तिथे चार सुरांचा जाड कॉर्ड ब्रासला देऊ नका. डाव्या हाताचा तो भार पियानोवर शोभतो, इथे ठोकळा होतो.

म्हणून कसोटी अशी लावावी: बदल काढून टाकला तर जॉप्लिनचा परिणाम बिघडतो का? बिघडत असेल तर ते ऑर्केस्ट्रेशन. बदलाशिवायही रचना पूर्ण उभी राहत असेल, तर ती अरेंजमेंट. ट्रिओमध्ये (रॅगच्या तिसऱ्या भागात) ट्रॉम्बोनला नवी प्रतिचाल दिली, तर ती सरळ अरेंजमेंट. ती करायला हरकत नाही, पण कार्यक्रमपत्रिकेवर तसं लिहावं. ‘ट्रीमोनिशा’ या ऑपेराचा पियानो-गायन स्कोअर जॉप्लिनने १९११ मध्ये स्वतः छापला. त्याचं ऑर्केस्ट्रेशन हरवलं. १९७५ च्या ह्यूस्टनच्या प्रयोगासाठी गंथर शुलरने ते नव्याने केलं, आणि ते ऑर्केस्ट्रेशनच.

सूर बदलणं, बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी एक पूर्ण टोन वर लिहिणं, या किरकोळ गोष्टी, सॉफ्टवेअरही करतं. पुनरावृत्तीत चाल व्हायोलिनकडून फ्लूटकडे नेणं हेही ऑर्केस्ट्रेशनच.

दोन गोष्टी मात्र कुठल्याच नावाखाली खपवू नयेत. पहिली, स्विंग. रॅगटाइममधल्या सिक्स्टीन्थ सरळ, समान वाजतात. त्या लचकवल्या की वीस वर्षांनंतरचं संगीत होतं. दुसरी, वेग. ‘द एंटरटेनर’वर जॉप्लिनने ‘जलद नको’ अशा अर्थाची सूचना स्वतः लिहिली आहे, तरी धावत सुटणारे पार्ट दिसतात. ड्रमवाल्यालाही एक सांगा: स्नेअर ड्रमने डाव्या हाताच्या ऑफबीटशी राहावं. तो उजव्या हाताच्या सिंकोपेशनवर गेला, की ठाम मात्रा धरणारं कुणीच उरत नाही.