खटले दोन्ही हरले, डोंगर एकच वाचला

पवित्र डोंगरावरचं स्की रिसॉर्ट आणि त्याला मूळ रहिवाशांचा विरोध म्हटलं की दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात: अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना स्नोबोल आणि कॅनडातला जम्बो ग्लेशियर प्रकल्प. वरवर गोष्ट एकच. लोक कोर्टात गेले, धर्मस्वातंत्र्यासाठी लढले, हरले. पण स्नोबोलवर आज स्की चालतं, आणि जम्बोच्या खोऱ्यात रिसॉर्ट नाही.

स्नोबोल आहे फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर. तेरा जमाती ही शिखरं पवित्र मानतात. नवाहोंच्या भूमीची पश्चिम सीमा हा डोंगर राखतो, आणि पाऊस आणणारे होपी जमातीचे काचिना, म्हणजे आत्मे, इथेच राहतात. जमीन मात्र केंद्रीय वन खात्याची, आणि तिथे १९३८ पासून स्की होतं. विस्ताराविरुद्धचा पहिला खटला जमाती १९८३ मध्ये हरल्या. २००५ मध्ये वन खात्याने शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यापासून कृत्रिम बर्फ करायला परवानगी दिली, आणि वाद पुन्हा पेटला.

हे पाणी घरांतून, दवाखान्यांतून, प्रेतं हाताळणाऱ्या ठिकाणांहून येतं. नवाहो वैदूंच्या औषधी गाठोड्यात याच डोंगरावरची माती असते, तिच्याशिवाय विधी होत नाहीत. प्रेताला लागलेलं पाणी त्या मातीत मुरलं, तर प्रयोगशाळेने ते कितीही शुद्ध ठरवलं तरी काय उपयोग? देवराईतली वाळकी काटकीही घरी न नेणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

२००७ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना हे पटलं. २००८ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने आठ विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरवला. तुम्हाला पूजेपासून कोणी अडवलेलं नाही, कोणी शिक्षा केलेली नाही, दुखावल्या त्या फक्त भावना, असा त्यांचा तर्क. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीच नाकारली.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या टनाहा लोकांचा मुद्दा वेगळा होता. पर्सेल पर्वतातला जम्बोच्या खोऱ्याचा परिसर त्यांच्यासाठी कॅटमुक, म्हणजे अस्वलात्म्याचं घर. तिथे कायमचं रिसॉर्ट उभं राहिलं तर तो निघून जाईल, आणि मग प्रार्थना करायची कोणाची? २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की श्रद्धा ठेवायचा आणि पाळायचा हक्क आहे, पण ज्याच्यावर श्रद्धा त्याचं रक्षण संविधान करत नाही. म्हणजे अमेरिकेत जाच झाला का ते मोजलं गेलं, कॅनडात देवच कायद्याच्या बाहेर ठेवला गेला. मला दोन्ही निकाल सारखेच अपुरे वाटतात. डोंगर वेगळा आणि श्रद्धा वेगळी, असं ज्यांना कधी वाटलंच नाही, त्यांना दोन्हीकडे तीच फाळणी करून दाखवली.

मग जम्बो वाचला कसा? तिथे अजून काही उभंच राहिलेलं नव्हतं. प्रकल्प १९९१ पासून चर्चेत होता. २००४ मध्ये मिळालेलं पर्यावरण प्रमाणपत्र टिकवायचं, तर ऑक्टोबर २०१४ पर्यंत ठोस काम सुरू व्हायला हवं होतं. मुदत संपता संपता काँक्रीट ओतलं, तेही अंशतः हिमस्खलनाच्या वाटेवर. २०१५ मध्ये पर्यावरणमंत्र्यांनी 'काम सुरू झालेलं नाही' असं ठरवलं आणि प्रमाणपत्र संपलं. म्हणजे टनाहा २०१७ मध्ये हरले तेव्हा प्रकल्प आधीच अडकला होता. गावोगावी गाड्यांवर 'जम्बो वाइल्ड'चे स्टिकर होते, आणि स्की करणारेच कितीतरी स्थानिक विरोधात उभे होते. २०२० च्या जानेवारीत सुमारे २.१ कोटी कॅनेडियन डॉलरच्या निधीतून विकासकांचे हक्क संपवण्यात आले, आणि ते खोरं टनाहांच्या पुढाकाराने संरक्षित करायचं ठरलं.

फ्लॅगस्टाफच्या डोंगरावर मात्र लिफ्ट आधीपासूनच होत्या. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सांडपाण्याचा बर्फ पडायला लागला. होपींनी सार्वजनिक उपद्रवाचा दावा करून दुसरी वाट धरली, तीही २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंद केली.