मायएसक्यूएलमधली रूट लॉगिनची अडचण

मायएसक्यूएल किंवा त्यातूनच निघालेली मारियाडीबी (दोन्ही डेटाबेस सॉफ्टवेअर) यांचा सर्व्हर नवीन टाकला आणि रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याने, आतच जाता येईना, ती ही अडचण. बहुतेक वेळा एरर १०४५ येतो, उबुंटूवर १६९८. एरर २००२ आला तर तो यातला नाही, तेव्हा सर्व्हर बंद असतो किंवा सॉकेट फाइल (त्याच मशीनवरच्या प्रोग्रामांना सर्व्हरशी जोडणारी फाइल) भलतीकडे असते, पासवर्ड बदलून काही होत नाही. १०४५च्या शेवटी ‘यूझिंग पासवर्ड’ पुढे ‘नो’ असेल तर क्लायंटने (सर्व्हरला जोडू पाहणाऱ्या प्रोग्रामने) पासवर्ड पाठवलाच नाही, हे कितीतरी जण वाचतच नाहीत.

पूर्वी रूटचा पासवर्ड रिकामा असायचा. मायएसक्यूएल ५.७ (२०१५) पासून सर्व्हर स्वतःच तात्पुरता पासवर्ड बनवतो, रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर तो एरर लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्ये) सापडतो, आणि पहिल्या लॉगिननंतर तो बदलल्याशिवाय १८२० हा एरर काही करू देत नाही.

उबुंटूवरची गोष्ट वेगळी. तिथे इन्स्टॉल करताना पासवर्ड दिला नाही तर रूटला ऑथ सॉकेट प्लगइन (ओळख तपासणारा जोडभाग) लागतं, म्हणजे सर्व्हर पासवर्ड बघतच नाही, लिनक्समध्ये तुम्ही कोण आहात ते कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) विचारतो, म्हणून सुडो (लिनक्सच्या रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणं) लावलं की आत आणि नाही लावलं की बाहेर. ही पद्धत नेमकी कुणी रूढ केली यावर एकमत नाही. काही जण मारियाडीबी १०.४ (२०१९) कडे बोट दाखवतात, कारण तिथे ती मूळ सर्व्हरमध्येच डिफॉल्ट झाली. पण प्लगइन मायएसक्यूएलमध्ये ५.५ पासून होतं, उबुंटू १६.०४ (२०१६) आणि डेबियन ९ (२०१७) यांनी ते आधीच लावलेलं, तेव्हा तारखा बघता श्रेय (किंवा दोष) पॅकेज बनवणाऱ्यांकडे जास्त जातं. कल्पना त्याहून जुनी, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये स्थानिक कनेक्शनसाठी आयडेंट नावाची अशीच पद्धत होतीच, ९.१ (२०११) मध्ये तिला पीअर हे वेगळं नाव मिळालं.

खातं म्हणजे नुसतं नाव नाही, नाव आणि होस्ट (कुठल्या मशीनवरून जोडताय ते) मिळून एक खातं होतं. लोकलहोस्ट लिहिलं की युनिक्सवर क्लायंट सॉकेटने जातो, १२७.०.०.१ (त्याच मशीनचा पत्ता) लिहिलं की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने. जुन्या आवृत्त्यांमध्ये लोकलहोस्टवर एक बिननावाचं खातं आपोआप तयार व्हायचं, आणि सर्व्हर आधी जास्त नेमका होस्ट जुळवतो, त्यामुळे टक्केवाल्या होस्टचं (% म्हणजे कुठलाही होस्ट) तुमचं खातं बरोबर असूनही ते बिननावाचं पुढे घुसायचं! ५.७ मध्ये ते बनवणं बंद झालं.

मायएसक्यूएल ८.० (२०१८) मध्ये पासवर्ड तपासणारं डिफॉल्ट प्लगइन कॅशिंग शा-टू झालं, तेव्हा जुने पीएचपी आणि नोडचे ड्रायव्हर (या भाषांतल्या प्रोग्रामांना डेटाबेसशी जोडणारे भाग) अडले. लोकांनी खाती नेटिव्ह पासवर्ड या जुन्या प्लगइनवर परत नेली, पण ८.४ मध्ये ते बंद अवस्थेत येतं आणि ९.० मध्ये काढूनच टाकलंय, त्यामुळे ड्रायव्हर अपडेट करणंच बरं.

सगळंच अडलं तर स्किप ग्रँट टेबल्स (अधिकार तपासू नको असं सांगणारा पर्याय) लावून सर्व्हर चालू करतात. त्यात कुणालाही पासवर्डशिवाय प्रवेश मिळतो आणि फ्लश प्रिव्हिलेजेस (अधिकार पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा) केल्याशिवाय पासवर्ड बदलता येत नाही. पासवर्ड बदलायची ओळ इनिट फाइलमध्ये (सुरू होताना सर्व्हर जी चालवतो ती फाइल) देऊन सर्व्हर चालू करणं जास्त सुरक्षित, फक्त नंतर ती फाइल पुसायची.

विंडोजवर इन्स्टॉलर पासवर्ड विचारूनच घेतो.