हेरण्यापासून बोलण्यापर्यंत

आशाताई घरी येऊन झोप लागते का, जीव घाबरतो का, असं विचारते, याचं आता फारसं नवल वाटत नाही. ही वाट मात्र जवळपास पन्नास वर्षांची आहे आणि ती सुरू झाली टंचाईतून. मनोविकारतज्ज्ञ मोजके, तेही शहरांत. म्हणून १९७५ च्या सुमारास बंगळूरजवळच्या सकलवारात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने आणि हरियाणातल्या रायपूर राणीत चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हाताशी धरलं. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. बळ्ळारीतल्या प्रयोगानंतर १९९६ मध्ये तो जिल्ह्यांकडे वळला. कर्मचाऱ्याने रुग्ण हेरायचा, दवाखान्यात पाठवायचा, गोळ्या चालू आहेत ना ते पाहायचं. बोलून बरं करणं हे त्याचं काम कुणी मानलं नव्हतं.

व्यसनमुक्तीने ही पायरी आधीच ओलांडली होती. १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. दारू-गर्दमधून सुटलेली माणसंच पुढे तिथे कार्यकर्ते झाली. पिणाऱ्याच्या सबबी त्यांना पाठ होत्या, स्वतः वापरून झालेल्या!

मानसिक आजारांत हा बदल सिद्ध झाला तो गोव्यात. तिथल्या ‘संगत’ संस्थेने मानसशास्त्राचं शिक्षण नसलेल्या स्थानिकांना समुपदेशक म्हणून घडवलं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांत सरकारी आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांना त्यांचा उपयोग झालेला दिसला, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. माझ्या मते कारण साधं असावं: खासगीतला नेहमीचा डॉक्टर दोन शब्द बोलतो, सरकारी रांगेत तेवढी फुरसत नसते. पुढची चाचणी घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांवर झाली. चारपर्यंत बैठका, तेवढ्याच. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांतल्या २६ टक्क्यांच्या तुलनेत ३६ टक्के पुरुष त्या धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते.

शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भातही हे पोचलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी दीड वर्ष काम केलं. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ‘डिप्रेशन’ म्हटलं की माणूस गप्प होतो, ‘टेन्शन’ म्हटलं की बोलतो, हे या क्षेत्रात घरोघर फिरणाऱ्याला लवकर कळतं.

राज्य सरकारने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला आणि घरोघर विचारपूस करण्याचं काम आशांकडे दिलं. कागदोपत्री आशा आजही स्वयंसेविकाच आहे. तिला पगार नसतो, मोबदला असतो.