सीई चिन्ह आणि निर्यातीसाठी उत्पादन-सुरक्षा प्रमाणन

युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या ठरावीक वर्गांतील वस्तूंवर सीई चिन्ह लावणे कायद्याने बंधनकारक आहे. विजेची उपकरणे, यंत्रे, खेळणी, वैद्यकीय उपकरणे, हेल्मेट-मास्कसारखी संरक्षक साधने हे त्यांतले मुख्य वर्ग. नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन येथेही तेच चालते. कपडे, साधे लाकडी फर्निचर, सौंदर्यप्रसाधने यांना मात्र ते लागत नाही. नुसते लागत नाही असे नव्हे, तर त्यांच्यावर ते छापणे नियमबाह्य ठरते.

हे चिन्ह कोणतेही सरकारी कार्यालय देत नाही. वस्तू लागू असलेल्या सर्व कायद्यांत बसते, असे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करतो आणि चिन्ह लावतो. धोका जास्त असलेल्या वर्गांत, उदाहरणार्थ श्वसनमास्क किंवा बहुतेक वैद्यकीय उपकरणे, अधिसूचित संस्थेकडून, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या त्रयस्थ संस्थेकडून, तपासणी करून घ्यावीच लागते. या संस्थेला चार आकडी क्रमांक असतो. उत्पादनाच्या टप्प्यावरही तिची देखरेख असेल तरच तो क्रमांक चिन्हाशेजारी येतो. संस्थांची यादी ‘नँडो’ या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

उदाहरण म्हणून घरगुती मिक्सर घेऊ. त्याला मुख्यतः तीन निर्देश (युरोपीय संघाचे कायदे) लागू होतात : लो व्होल्टेज (२०१४/३५), विद्युतचुंबकीय सुसंगतता (२०१४/३०) आणि घातक पदार्थांवरील मर्यादा (२०११/६५). पहिला निर्देश ५० ते १००० व्होल्ट एसी उपकरणांसाठी आहे. त्यात अधिसूचित संस्थेला कामच नाही, त्यामुळे मिक्सरसाठी ‘सीई सर्टिफिकेट’ विकणारा एजंट उत्पादकाला गरज नसलेला कागद विकत असतो. चाचणी युरोपातच व्हायला हवी असेही नाही. मुंबई-पुण्यातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल चालतो. मानक मात्र योग्य आवृत्तीचे हवे.

सुरक्षेसाठी ईएन (युरोपीय मानक) ६०३३५-१ आणि स्वयंपाकघरातील यंत्रांचा भाग २-१४ वापरतात. अर्थिंगच्या मिक्सरमध्ये अर्थ टर्मिनल आणि हाताला लागणारा धातूचा भाग यांच्यातला रोध ०.१ ओहमपेक्षा जास्त चालत नाही. तो मोजताना किमान २५ अँपिअर प्रवाह सोडतात. रंगावर किंवा पावडर कोटिंगवर अर्थचा स्क्रू बसवला की इथेच नापास. दाताळ वॉशर घालून कोटिंग खरवडले की बहुधा काम भागते.

मोठी अडचण येते ती ब्रशच्या मोटरमुळे. कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या फिरत्या भागावर, उडणाऱ्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट तारेतून घरच्या वीजपुरवठ्यात शिरतो. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात तो मोजतात आणि फिल्टर नसलेला मिक्सर सहसा इथे अडकतो. उपाय म्हणून कपॅसिटर घातले की नवे प्रश्न येतात. वाय कपॅसिटरमुळे (वीजतार आणि अर्थ यांच्यामधला) अर्थकडे जाणारा गळती प्रवाह वाढतो. एक्स कपॅसिटर (दोन वीजतारांमधला) ०.१ मायक्रोफॅरड किंवा मोठा असेल, तर प्लग काढल्यावर एका सेकंदाने पिनांवर ३४ व्होल्टपेक्षा जास्त दाब उरता कामा नये, म्हणून साठलेली वीज काढून टाकणारा डिस्चार्ज रोधक जोडावा लागतो. त्यामुळे सुरक्षा चाचणी आधी आणि फिल्टर नंतर हा क्रम महागात पडतो, कारण सुरक्षा पुन्हा तपासावी लागते. घातक पदार्थांच्या निर्देशानुसार सोल्डरमध्ये शिसे वजनाने ०.१ टक्क्याच्या, कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या आत हवे.

चाचणी अहवाल, सर्किट, सुट्या भागांची यादी, धोक्यांचे मूल्यमापन व माहितीपुस्तिका यांची तांत्रिक फाइल वस्तू बाजारात आल्यापासून १० वर्षे ठेवावी लागते. अनुरूपतेच्या घोषणापत्रावर मॉडेल, निर्देश, मानके आणि जबाबदार व्यक्तीची सही असते. चिन्हाची उंची किमान ५ मिलिमीटर; लहान-मोठे करताना प्रमाण बिघडवायचे नाही. १६ जुलै २०२१ पासून अशा बहुतेक वस्तूंसाठी युरोपीय संघात पत्ता असलेला आयातदार, प्रतिनिधी किंवा साठवणूक-सेवा देणारा असणे सक्तीचे आहे. जर्मनीत माल जाणार असेल तर सुरक्षा सूचना जर्मनमध्ये हव्यात.

माल नाकारला जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चाचणीनंतर बदललेला भाग. खरेदी विभाग दोन रुपये वाचवण्यासाठी दुसऱ्या कंपनीचा स्विच घेतो, पण फाइलमधल्या यादीत जुनाच राहतो. नमुना पास झालेला असतो, कंटेनरमधला माल मात्र वेगळा असतो.

ऐच्छिक प्रमाणन वेगळे. जर्मनीच्या जीएस (सुरक्षितता तपासल्याच्या) चिन्हासाठी त्रयस्थ संस्था नमुना तपासते, कारखाना पाहते आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचे प्रमाणपत्र देते. कायदा ते मागत नाही; दुकानांच्या साखळ्या मागतात, आणि खरेदीदार हटून बसला की ‘ऐच्छिक’ हा शब्द कागदावरच राहतो. अमेरिकेतही ग्राहकोपयोगी विद्युत उपकरणांना यूएल (तिथल्या एका खासगी तपासणी संस्थेचे) चिन्ह लावण्याची सरसकट संघीय सक्ती नाही. पण कामाच्या ठिकाणच्या बऱ्याच विद्युत उपकरणांना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणन लागतेच. यूएलऐवजी ईटीएल किंवा सीएसए या दुसऱ्या प्रयोगशाळांचे चिन्हही त्यासाठी चालते. यूएलचे निरीक्षक साधारणपणे वर्षातून चार वेळा न सांगता कारखान्यात येतात.

जपानचे पीएसई, चीनचे सीसीसी व कोरियाचे केसी ही आपापल्या यादीतल्या वस्तूंसाठी सक्तीची चिन्हे. पीएसईमध्ये जास्त धोक्याच्या वस्तूंना पत्त्यांतल्या चौकटसारखे चिन्ह व त्रयस्थ तपासणी, बाकीच्यांना वर्तुळ. अनेक देशांत माल पाठवणाऱ्याने सीबी योजनेतला (एका देशातला चाचणी अहवाल इतर सदस्य देशांत मान्य करणारी आंतरराष्ट्रीय योजना) अहवाल घेतला तर पुन्हा पुन्हा चाचण्या कराव्या लागत नाहीत. मात्र त्यात त्या-त्या देशाचे राष्ट्रीय फरक सुरुवातीलाच तपासून घ्यावे लागतात. जपानसाठी १०० व्होल्ट आणि ५० व ६० हर्ट्झ दोन्ही, कारण टोकियोत एक वारंवारिता आहे आणि ओसाकात दुसरी.