बिलाच्या मागची काळी खिडकी

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानाला मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातलं खिडक्या-बटणं बनवायचं साधन टीकेइंटर वापरून बिलाचा छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. आयकॉनवर डबल-क्लिक केलं की बिलाचा फॉर्म उघडायचा, आणि मागे एक रिकामी काळी खिडकीही. काउंटरवरच्या काकांनी ती अडगळ समजून बंद केली. त्याबरोबर अर्धं भरलेलं बिलही गेलं. काकांची यात काहीच चूक नव्हती.

ही खिडकी प्रोग्रॅम उघडत नाही, विंडोज उघडतं. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर ईएक्सई फाइलची, म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलची, जी नवी रचना आली, तिच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, ‘सबसिस्टिम’ नावाचा एक आकडा असतो. २ म्हणजे बटणं-फॉर्मच्या खिडक्यांचा प्रोग्रॅम, ३ म्हणजे कन्सोलचा, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या त्या काळ्या खिडकीचा. ३ दिसला आणि आधीचा कन्सोल हाताशी नसला, तर आपल्या कोडची पहिली ओळ चालण्याआधीच विंडोज नवा कन्सोल देऊन मोकळं होतं. युनिक्सच्या घराण्यात असा शिक्काच नाही. तिथे टर्मिनल, म्हणजे तशी मजकुराची खिडकी, हा वेगळा प्रोग्रॅम.

स्क्रिप्टची अडचण इथेच होते. ती ईएक्सई नसते, चालतो तो तिचा इंटरप्रिटर, म्हणजे ती वाचून राबवणारा प्रोग्रॅम, आणि आकडाही त्याचाच लागू होतो. म्हणून एकाच इंटरप्रिटरच्या दोन-दोन प्रती निघाल्या: पायथन आणि पायथनडब्ल्यू, जावा आणि जावाडब्ल्यू, रुबी आणि रुबीडब्ल्यू. मायक्रोसॉफ्टनेही स्वतःच्या स्क्रिप्टिंगसाठी सीस्क्रिप्ट आणि डब्ल्यूस्क्रिप्ट अशी जोडी दिली. पायथनमध्ये फाइलच्या नावाशेवटी ‘.पीवाय’ऐवजी ‘.पीवायडब्ल्यू’ केलं, की डबल-क्लिकला बिनकन्सोलची प्रत, म्हणजे पायथनडब्ल्यू, चालते.

मराठीत काम करणाऱ्यांना त्या कन्सोलचा जाच आणखी एका कारणाने होता. डॉसच्या काळात आपल्या पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की मजकुराच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. विंडोजच्या कन्सोलने ते सुख दिलं नाही. २०१६ च्या अखेरीस पायथन ३.६ येईपर्यंत तिथे पुस्तकाचं मराठी नाव प्रिंट करायला गेलं, की बहुधा एन्कोडिंगची (अक्षरांचे आकड्यांत रूपांतर करण्याची) एरर येऊन प्रोग्रॅमच थांबायचा.

पण खिडकी घालवली की एरर दिसायची जागाही जाते. पायथनडब्ल्यूमध्ये आउटपुट आणि एरर या दोन्ही वाटांच्या जागी ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, असतं. प्रिंट मुकाट्याने काहीच करत नाही. टीकेइंटरच्या बटणामागचं फंक्शन कोसळलं तरी फॉर्म जागच्या जागी राहतो. मी फाइलचं नाव बदलून आलो, आणि दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन: “अहो, सेव्ह दाबतोय, काहीच होत नाही.” एरर आली होती, पण ती कुणालाच दिसली नव्हती. त्या संध्याकाळी परत जाऊन मी प्रत्येक एरर तारीख-वेळेसह लॉग फाइलमध्ये जाईल आणि पडद्यावर मराठीत सूचना येईल, अशी सोय केली.