प्रसंगलेखन म्हणजे व्यक्तिगत निबंध नव्हे

मुंबईत पहिला धुवाधार पाऊस झाला, एखादा दिवस शाळेला सुट्टी मिळाली की आठवी-नववीच्या वर्गात निबंधाचा विषय ठरलेला असतो: 'मी अनुभवलेला पाऊस'. फळ्यावर 'व्यक्तिगत निबंध' असं लिहिलं जातं, मुलं प्रसंगलेखन करून आणतात आणि तपासणारे त्यालाच व्यक्तिगत निबंध समजून गुण देतात. शिकवणीच्या वर्गांत हेच, निबंधस्पर्धांच्या परीक्षणातही हेच. मी मराठी शिकवते आणि हा घोळ आता थांबावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात नुकसान मुलांचं होतं.

प्रसंगलेखन तुम्हाला येतं. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत आत्मकथन आणि वैचारिक लेखनाच्या जोडीला ते असतंच. काय घडलं, कुठे घडलं, कोण होतं, शेवटी काय झालं. क्रम नीट हवा आणि चित्र डोळ्यांसमोर उभं राहायला हवं. हे कौशल्य सोपं नाही, पण ते शिकवायची वाट आपल्या पायाखालची आहे.

किरकोळ फरक चटकन सांगते. व्यक्तिगत निबंध थोडा लांब चालतो. संवाद दोन्हींत चालतात. 'झाले' लिहावं की 'झालं' यावर शिक्षक तावातावाने भांडतात. माझ्या मते जे निवडाल ते शेवटपर्यंत पाळा आणि पुढे चला. 'मी' तर दोन्हींत असतोच, आणि खरी गफलत तिथेच होते.

प्रसंगलेखनातला 'मी' एकच असतो: ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो. व्यक्तिगत निबंधात दोन 'मी' लागतात. एक त्या दिवशीचा, दुसरा आज वही उघडून बसलेला. पहिल्याला जे कळलं नव्हतं ते दुसरा चाचपडत शोधतो. पहिल्या प्रकारात घटना पुढे सरकते, दुसऱ्यात विचार पुढे सरकतो. घटना तिथल्या तिथे थांबली तरी निबंध चालू राहू शकतो.

एक उदाहरण घेऊ. परळची एक चाळ. तळमजल्यावर पाणी शिरलं म्हणून खालचं बिऱ्हाड रात्रीपुरतं दुसऱ्या मजल्यावर आलं. प्रसंगलेखन असं होईल: पाणी चढलं, सामान वर आणलं, आईने पिठलं-भात टाकला, रात्रभर कुणी झोपलं नाही, पहाटे पाणी ओसरलं. शेवटी एक ओळ: 'त्या रात्री मला माणुसकीचं दर्शन घडलं.'

आता तीच मुलगी लिहिते: 'खालच्या काकूंची मुलगी माझ्याच वर्गातली. शाळेत आम्ही एका डब्यातून खातो. ती वर आली तेव्हा मी रंगपेटी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. तिने काही मागितलं नव्हतं. मग मी कुलूप का लावलं? शाळेतली माझी मैत्रीण आमच्या दारात आल्यावर कोण झाली होती?' इथे पाण्याची पातळी मागे पडली. कुलूप लावणारी एक आणि त्या कुलपाकडे आज बघणारी दुसरी, अशा दोघी कागदावर आल्या. निबंध इथून सुरू होतो.

बहुतेकजण अडखळतात ते यापुढे. त्यांना वाटतं, तो दुसरा 'मी' म्हणजे तात्पर्य. म्हणून प्रसंग सांगून झाला की खाली शिकवण डकवायची आणि झाला व्यक्तिगत निबंध. 'माणुसकीचं दर्शन घडलं' हे वाक्य पुराच्या निबंधाखाली चालतं, लोकलमधल्या गर्दीच्या निबंधाखाली चालतं, दवाखान्यातल्या रात्रीच्या निबंधाखालीही चालतं. जे वाक्य कुठेही चालतं ते या मुलीने विचार करून मिळवलेलं नाही. ते तिला आयतं मिळालेलं आहे. तात्पर्य प्रश्न मिटवून टाकतं. दुसरा 'मी' प्रश्न उघडतो आणि त्याच्यापाशी थांबतो. उत्तर सापडलं नाही तरी बिघडत नाही. माझ्या वर्गात शेवटच्या परिच्छेदात 'शिकलो', 'धडा मिळाला', 'जाणीव झाली' यांना मी बंदी घातली आहे आणि ती मी उठवणार नाही.

इरावती कर्व्यांच्या 'परिपूर्ती' या ललित निबंधात घडतं ते किती थोडं! सभेत त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, पत्नी अशी करून दिली जाते. काहीतरी राहिलं असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यातली मुलं त्यांना वर्गमित्राची आई म्हणून ओळखतात. प्रसंगलेखनाला हे पुरणार नाही. निबंधाला पुरतं, कारण काय राहिलं याचा शोध मधल्या साऱ्या मजकुरात चालू असतो.

बांधणीचा प्रश्नही यातूनच सुटतो. प्रसंगाचा क्रम घड्याळाचा असतो. निबंधाचा क्रम उमगण्याचा असतो. 'सकाळी उठलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं' ही सुरुवात मी सरळ खोडते. प्रश्न जिथे टोचू लागला तिथून सुरू करा, मागचं लागेल तेवढंच आणा. २६ जुलै २००५ चं घ्या. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. आज शाळेत असलेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, तरी आई-बाबांकडून ऐकलेलं सगळं ती स्वतःवर बेतल्यासारखं लिहितात. त्यांना सांगावं: तुझ्या वाट्याला आलेला अनुभव ऐकण्याचा आहे. बाबा त्या रात्री रुळांवरून चालत आले, ही गोष्ट ते दर पावसाळ्यात का सांगतात? सांगताना कुठे थांबतात? आई तेव्हा उठून आत का जाते? हा निबंध त्या मुलाशिवाय कुणालाच लिहिता येणार नाही.

आवाजाबद्दलही असाच गैरसमज आहे. 'काळजाचा ठोका चुकला', 'अंगावर शहारे आले', 'वरुणराजाने थैमान घातलं' ही वाक्यं वहीत उतरवून देणाऱ्या गाईडांचा मला संताप येतो. ती भाषा कुणाचीच नसते. आवाज येतो तो कुणी काय पाहिलं आणि त्याला काय खटकलं यातून. मुलाने 'आमची वाट लागली' असं लिहिलं आणि तिथे तेच नेमकं असेल, तर लाल पेन खाली ठेवा. आगरी, मालवणी, कोळी बोलणाऱ्या घरातला शब्द आला तर तोही राहू द्या.

वर्गात मी हे असं करून घेते. आधी प्रसंग पाच वाक्यांत लिहायचा. मग वहीच्या समोरच्या पानावर 'तेव्हा मला वाटलं' आणि 'आता मला वाटतं' अशी दोन वाक्यं पुरी करायची. दोन्हींत फरक निघाला नाही तर प्रसंग बदलायचा, मग तो कितीही थरारक असो. निघाला, तर तो फरक निबंधाच्या मध्यभागी ठेवून पुन्हा लिहायचं आणि ती दोन तयार वाक्यं काढून टाकायची. शेवटी नाव न सांगता मोठ्याने वाचायचं. शेजारच्या बाकावरच्यालाही लिहिता आलं असतं असं प्रत्येक वाक्य मुलं स्वतःच अधोरेखित करतात. गुण देताना मीही तीच अधोरेखित वाक्यं आधी बघते, आणि शुद्धलेखनाकडे त्यानंतर वळते.